बिनखताचा पट्टा

माझ्या कामातला एकच आकडा मला स्वतःचा वाटायचा. तो बिघडवला माझ्या सख्ख्या बहिणीने आणि तिच्या नवऱ्याने, आणि मला ते कळलं शेजारच्या बांधावरच्या माणसाकडून.

तेव्हा धायरीत अजून गव्हाची शेतं होती. ताईचं सासर तिथलंच. मी सदाशिव पेठेतून स्कूटरवर जायचो, मागच्या सीटवर प्लास्टिकच्या पारदर्शक पेट्या बांधून. आमच्या संस्थेत नमुने घेणं आणि मोजणं हे माझं काम. मोजायचा होता नायट्रस ऑक्साइड, दात काढताना डॉक्टर हुंगायला देतात तो हसवणारा वायू. मातीतले जिवाणू तो आपसूक तयार करत असतात, समुद्रातूनही तो निघतो. शेतात युरिया घालून पाणी दिलं की त्याच मातीतून कितीतरी जास्त निघतो, आणि हवेत गेल्यावर शंभरएक वर्षं राहून पृथ्वीची ऊब वाढवतो. साऱ्या जगातून तो किती निघतो, त्यात निसर्गाचा वाटा किती आणि माणसाचा किती, हा हिशेब देशोदेशी चालला होता. आमच्या काळ्या मातीचा आकडा त्या हिशेबात कुठेच नव्हता. तो मी देणार होतो.

पद्धत साधी होती. शेताचे दोन पट्टे. एकाला नेहमीचं खत, दुसऱ्याला काही नाही. जमिनीत रोवलेल्या चौकटीवर पेटी उपडी ठेवायची, कडेच्या खाचेत पाणी भरून फट बंद करायची, आणि ठरलेल्या वेळी रबरी बुचातून इंजेक्शनच्या सुईने आतली हवा ओढून कुप्यांत भरायची. खताच्या पट्ट्यातून बिनखताचा पट्टा वजा केला की माणसाचा वाटा उरतो. म्हणजे सगळी मदार त्या उपाशी पट्ट्यावर. तो खोटा, तर सगळंच खोटं.

दाजींना मी हे आधीच समजावलं होतं.

“या पट्ट्याला शेणखत नाही, युरिया नाही, राखसुद्धा नाही. चालेल?”

“पावणं, रान तुमचंच हाय,” दाजी म्हणाले. “पर त्या वायूनं हसू येतंय म्हन्ता, आमाला तर कायबी हसू यीना.”

पहिला हिवाळा सुरळीत गेला. बिनखताचा गहू पिवळा आणि खुरटा, आकडा लहान आणि स्थिर. नमुने झाले की ताई शेतालगतच्या घराच्या ओट्यावर चहा द्यायची, माझ्यासाठी बिनसाखरेचा. मला मधुमेह निघाल्यापासून माझा कप ती वेगळा ठेवायची.

“काय रे, आले का आकडे?”

“आले. याचा अगदी कमी आहे.”

“कमी?” ती म्हणायची आणि रिकामा कप उचलून आत जायची. कमी म्हणजेच बरोबर, हे तिला सांगायचं मला कधी सुचलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात, पाण्याच्या पाळीनंतर, बिनखताचा आकडा एकदम उसळला. जवळजवळ खताच्या पट्ट्याइतका. मी बुचं बदलली. सुया बदलल्या. कुप्यांतली हवा मोजणाऱ्या यंत्राच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. आमच्या प्रमुख बाई शांतपणे म्हणाल्या, “कुप्यांची अदलाबदल नाही ना झाली? होतं कधी कधी.” माझ्या हातून अशी अदलाबदल कधीच झाली नव्हती, आणि हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं. मला वाटलं, शेजारच्या पट्ट्यातलं खत पाण्याबरोबर झिरपत असेल. म्हणून दोन पट्ट्यांच्या मध्ये मी स्वतः कुदळ घेऊन चर खणला. दाजी बांधावर बसून बघत होते. “लई मेहनत घेता तुमी,” म्हणाले.

गहूही हिरवा दिसायला लागला होता. पण मी पिकाकडे पाहत नव्हतो. पेट्यांकडे पाहत होतो.

ही सगळी घालमेल मी ओट्यावर ताईला सांगायचो. ती मन लावून ऐकायची. एकदा म्हणाली, “अरे, मशीन एकदा दुसऱ्या कुणाला दाखवून घे ना.” हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही.

शेवटी एका सकाळी शेजारचा शेतकरी बांधावरून ओरडला, “आता कसं, रान शोभतंय! मागल्या साली कावीळ झाल्यागत दिसत हुतं. तुमच्या दाजींनी युरिया टाकला ते बेस केलं.”

मी पेटी तशीच सोडून ओट्यावर गेलो. दाजी दाढी करत होते.

“युरिया टाकलात?”

“टाकला वाईच. रस्त्याकडंचं रान हाय. येनारा-जानारा इचारतोय, खत घालायची ऐपत ऱ्हायली न्हाई का म्हून. किती दिस ऐकून घ्यायचं?”

“मग मला का नाही सांगितलं? मी चर खणत होतो तेव्हा तरी?”

दाजींनी आरशातून ताईकडे पाहिलं.

“मीच नको म्हटलं,” ताई म्हणाली. “तू चिडला असतास. आणि तूच म्हणायचास ना, याचा आकडा कमी येतो? म्हटलं, वाढला तर तुलाही बरंच.”

“ताई, मी रोज तुझ्यासमोर बसून डोकं फोडत होतो.”

“अहो, ऐकलंत? एवढ्याशा युरियावरून!” ती दाजींना म्हणाली. आणि कप विसळायला घेतले.

मी बाईंना खरं ते सांगितलं. ते वर्ष रद्द झालं, आणि एकट्या पहिल्या वर्षावर कुणी आकडा छापत नाही. पट्ट्यात युरिया गेलेला, म्हणून पुन्हा तिथेच मोजण्यात अर्थ नव्हता. नव्या जागेसाठी मुदत उरली नव्हती. जगाचा तो हिशेब पुढे निघाला. आमच्या मातीचा नैसर्गिक वाटा त्यात दुसऱ्या कुठल्यातरी देशाच्या मातीवरून अंदाजाने धरलेला आहे. तो चूक आहे असं मला म्हणता येत नाही. बरोबर आहे असंही म्हणता येत नाही. मोजलेला नाही, एवढंच.

भाऊबीजेला मी दरवर्षी धायरीला जातो. त्या शेतावर आता इमारत आहे आणि ताई तिच्याच दुसऱ्या मजल्यावर राहते. ओवाळून झालं की ती माझा वेगळा कप पुढे करते.

“घे, बिनसाखरेचा आहे.”

मी तिच्या देखत चमचा मागून घेतो, तळापासून ढवळतो आणि आधी चमचाभर चाखून पाहतो.