आधी पोरीला, मग बापाला

चारुशीलाबाई बावीस वर्षं सांगलीहून एसटीनं कुंडलला येतात आणि आमच्या गावचं वाचनालय उघडतात. अलीकडे त्या लवकर थकतात. मुलं थेट स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांकडे जातात आणि कादंबऱ्यांच्या कपाटाला पाठ टेकून अभ्यासाला बसतात. तरी एखादं पोर "बाई, विचार करायला लावंल असं कायतरी द्या" म्हणालं, की बाई गुडघ्यावर हात टेकून उठतात.

त्यांची एक पद्धत आहे. पंधरा ते अठरा वयाच्या मुलाला दिलेली कादंबरी परत आली, की तीच त्या घरातल्या मोठ्या माणसाला द्यायची. आधी कुणी वाचली, ते सांगायचं नाही. "अवघड प्रश्न देऊन मुलाला एकट्याला घरी पाठवू नये," असं त्या म्हणतात. मधल्या वेळात मुलांनी पेन्सिलीनं समासात लिहिलेलं पुसून काढायचं, हेही काम त्यांचंच.

गेल्या महिन्यात राजेश्वरीनं एक कादंबरी नेली. परीक्षेत नापास झालेल्या, घरी खोटं बोलणाऱ्या मुलाची. राजेश्वरी स्वतः डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची दुसऱ्यांदा तयारी करत होती. रोज इस्लामपूरला क्लासला जायची. पुस्तक परत आलं त्या दिवशी बाई सांगलीपासून उभ्यानं आल्या होत्या. राजेश्वरी पुस्तक ठेवून गेली, तेवढ्यात तिचे वडील, निवृत्त सुभेदार हंबीरराव, पेपर वाचायला आले. बाईंनी पानं न चाळताच पुस्तक पुढे सरकवलं.

"आता ह्या वयात गोष्टी वाचू व्हय? उसाला पाणी कोण पाजणार, गोष्टीतला राजा?"

"मोटर चालू करा आणि बांधावर बसून वाचा."

हंबीरराव हसले आणि घेऊन गेले.

चौथ्या दिवशी दुपारी ते परत आले. पुस्तक उघडून त्यांनी टेबलावर ठेवलं. "बाई, हे वाचा."

समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मीपण क्लासला जात नाही. आज पंधरावा दिवस.'

"राजीचं अक्षर हाय. माझ्या पेन्शनचे कागद तीच भरती. तुमाला ठावं हुतं?"

"नाही. पुसायचं राहिलं माझ्याकडून."

"आन् पुसलं आसतं तर मला कवा कळलं आसतं?"

इतक्या वर्षांत आपण काय काय पुसलं, हे बाईंना आठवेना.

"लय शाणी करायला निघालाय पोरं," हंबीरराव म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "फोन लावला, बंद हाय. क्लासात बंद ठिवावा लागतो म्हणायची."

"कादंबरी पूर्ण वाचलीत?"

"न्हाई. त्यो क्लासच्या दारातनं माघारी फिरतो, तितंच थांबलो. शेवटी काय हुतंय त्याचं?"

"शेवट मी कुणाला सांगत नाही, सुभेदारसाहेब."

"आवं, सांगा की! माझी पोरगी हाय ती!"

बाईंनी चष्मा काढला. "त्याला कुणी काही विचारतच नाही. शेवटपर्यंत."

हंबीररावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. क्लास सुटायला दीड तास होता. ते तरातरा बाहेर गेले, मोटारसायकलला किक मारली. मग गाडी तशीच चालू ठेवून पुन्हा दारात आले.

"क्लासला जात न्हाई, तर दिवसभर कुटं बसत आसंल वो ती?"

"मला खरंच माहीत नाही."

"त्यो पुस्तकातला पोरगा कुटं बसायचा?"

"एसटी स्टँडवर. शेवटच्या बाकावर."

"मग आदी स्टँडच बगतो," हंबीरराव म्हणाले, आणि निघाले.