कॅमेऱ्यातलं कुंकू

पक्षी दिसला की झूमगुरुजी आधी चपला काढायचे, कॅमेरा नंतर. चपलेचा आवाज धाविकाला पोचतो, असं त्यांचं म्हणणं. धाविक म्हणजे तुळजापूरबाहेरच्या माळावर तुरुतुरु पळणारा मातीच्या रंगाचा पक्षी. पायात कुसळं घुसायची, पण गुरुजी हूं की चूं करायचे नाहीत. मी बूट घालून मागं उभा आणि बोलणी खातोय, हे ठरलेलं.

निवृत्तीनंतर त्यांनी घेतलेल्या कॅमेऱ्याची लेन्स अंगालाच जोडलेली होती. बटण दाबलं की नळी पुढं यायची, त्यावरून झूमगुरुजी हे नाव पडलं. लांबचा पक्षी जवळ यायचा खरा, पण पिसांच्या जागी नुसता चिखल. "पीस न् पीस दिसलं पायजे," एवढा एकच ध्यास. शेवटी गुरुजींच्या घरच्या, काकूच वैतागल्या. घ्या एकदाचा तो लेन्स वेगळी, बॉडी वेगळी असलेला कॅमेरा, पण माझं डोकं खाऊ नका, म्हणाल्या.

तो आला आणि लगेच खंडेनवमी. विळी, कात्री, कॅमेरा, सगळं पाटावर मांडून पुजायचं. जुन्या कॅमेऱ्याला काकू दरवर्षी कुंकू लावायच्या, त्याचं कधी काही बिघडलं नव्हतं. नव्याचे भाग दोन, म्हणजे मान दोघांचा, म्हणून गुरुजींनी ते सुटे करून मांडले. बॉडीचं तोंड वर, उघडंच. काकूंनी दोन्हींवर हळदीकुंकवाची चिमूट सोडली आणि मनोभावे हात जोडले.

दसऱ्याला माळावर धाविकाचं पीस न् पीस आलं. पण वर आभाळात, उजव्या कोपऱ्यात, एक पुसट ठिपका. प्रत्येक फोटोत तिथंच. कुंकू आत गेलं म्हणून गुरुजी घरी जाऊन काकूंना लई बोलले. सोलापूरला नेऊन आतून साफ करून आणायचं ठरलं, पण थंडी पडायच्या आत काकूच गेल्या. झोपेतच.

गुरुजी रडले नाहीत. तेरावं झाल्यावर माळावर आले, चपला काढल्या, फोटो काढले. मी कॅमेरा साफ करून आणू का विचारलं, तर पडद्यावरच्या ठिपक्याकडं बघत म्हणाले, "तिच्या हातचं हाय. राहू द्या." पुढं पुढं ते धाविक सोडून नुसत्या आभाळाचेच फोटो काढायचे. मी शेजारी उभा राहायचो.

मग गुडघे गेले, आणि मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. निघताना त्यांनी कॅमेरा माझ्या हातात ठेवला. मी नको म्हणालो.

"घ्या. सोलापूरहून साफ करून आणलाय," ते म्हणाले. "दुसऱ्याला द्यायची वस्तू डागाची कशी द्यायची?"

गाडी गेल्यावर मी माळावर जाऊन आभाळाचा फोटो काढला. मोठा करून कोपरा पाहिला. काहीच नव्हतं. रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. समोर धाविक उभा होता. मी बूट काढले. कुसळं टोचली, तेवढी मात्र कळली.