चिमूटभर मैदान

दुपारचे अडीच वाजलेत आणि मी सातवी 'ब'च्या वर्गात गादी टाकून आडवी आहे. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीसाठी आलेल्या मुलींच्या संघांना राहायला या शाळेचे वर्ग दिलेत. बाकं भिंतीशी एकावर एक चढवलेली, पंखा कुरकुरतोय. अंतिम सामना पाच वाजता. तासभर पडा, असं मीच सगळ्यांना दरडावलंय, त्यामुळे मलाही पडणं भाग आहे. डोळे मिटले की मात्र गुणफलक दिसतो.

सकाळचा उपांत्य सामना आम्ही एका गुणाने जिंकलो. जिंकलो कसलं, वाचलो. माझी भरवशाची चढाईपटू गौतमी गुडघा धरून बाहेर बसली होती. दीड मिनिट बाकी आणि तीन गुणांची आघाडी. मी पहिल्या वर्षाच्या वर्षालीला पाठवलं आणि बजावलं, गुण नको आणूस, नुसती वेळ काढ. एका चढाईला तीस सेकंद मिळतात. ती समोरच्यांच्या हद्दीत हुलकावण्या देत घालवायची आणि मुकाट परत यायचं. बाहेरून मी सेकंद मोजत होते. शेजारच्या गावात ऐकू जाईल असा माझा आवाज आहे. बावीसला मी ओरडले, "बास, मागं ये!" तिने माझ्याकडे बघितलं आणि तेवढ्यात तिचा घोटा पकडला गेला.

जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, "मॅडम, संध्याकाळी मला नका पाठवू."

नाही पाठवलं तर पकडीतल्याच कुणाला तरी चढाईला ढकलावं लागेल. पाठवलं आणि पुन्हा तसंच झालं, तर ही पोर खेळ सोडेल. मला ठाऊक आहे, कारण मी सोडला होता.

पंखा कुरकुरतो. कुरकुर हळूहळू लांबते आणि कुणीतरी एका दमात कबड्डी, कबड्डी म्हणत असल्यासारखी ऐकू येते. फळ्यावर सुविचाराखाली खडूने एक रेघ मारलीय. ती रेघ फळ्यावरून उतरते, फरशीवरून सरळ चालत येते आणि माझ्या गादीपाशी थांबते. ही मध्यरेषा आहे हे मला लगेच कळतं. रेषेपलीकडे बाकावर आनंदा मेस्त्री बसलेत आणि चिंधीने हाताचं ग्रीस पुसताहेत.

मेस्त्री एस.टी. डेपोत गाड्या दुरुस्त करायचे आणि सुट्टी झाली की आम्हा कॉलेजच्या मुलींना कबड्डी शिकवायचे. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. मी अंत्ययात्रेला गेले होते. पण ते आता इथे आहेत यात मला काहीच वावगं वाटत नाही. उलट बरं वाटतं, घरचं कुणी भेटायला आल्यावर वाटतं तसं.

"शैला, झोपलीस व्हय गं?"

"नाही मेस्त्री. विचार करतेय."

"म्हंजे झोपलीस."

आम्ही एस.टी.त आहोत. गाडी रिकामी आहे आणि मधल्या वाटेत फक्कीने रेषा आखल्यात. ड्रायव्हरच्या जागी कुणी नाही, तरी गाडी नीट वळणं घेतेय. मेस्त्री घंटीची दोरी ओढतात, टिंग वाजतं आणि मी चढाईला निघते. पाय हलके आहेत. गुडघे दुखत नाहीत, हे मला सगळ्यात जास्त आवडतं.

"पाठवू का तिला?" मी मागे न बघता विचारते.

"तू काय म्हणतीस?"

"तिला घड्याळ सांभाळता येत नाही. नवीन आहे."

"तूबी नवीनच हुतीस. विभागाच्या फायनलला मी तुला काय म्हणलो हुतो?"

"वेळ काढ म्हणालात. मी पकडले गेले. सामना गेला."

"कशानं पकडली गेलीस?"

"दम कमी पडला माझा."

मेस्त्री चिंधी खांद्यावर टाकतात. गाडीच्या खिडक्यांतून ऊन आत येतं, आणि ती गाडी नाहीच, ते आमचं डेपोमागचं मैदान आहे. तांबडी माती, कडेला टायरी, पाण्याचा माठ. तिथे आता मंगल कार्यालय आहे, मागच्या वर्षी मी तिथे एका लग्नात जेवलेय. पण आत्ता मैदान आहे आणि नुकतंच पाणी मारलंय.

"दम न्हाय गं," मेस्त्री म्हणतात. "मी बोंबललो. ये माघारी म्हणून कडेनं बोंबललो आन् तू माझ्याकडं बघितलंस. चूक माझी हुती."

तेवीस वर्षं मी तो दम कमी पडल्याचं ओझं वाहत आलेय. ते असं दोन वाक्यांत खाली उतरतं आणि मला रडू येतं, पण ते सुखाचं आहे.

"मग सांगितलं का नाहीत तेव्हाच?"

"आलो हुतो की तुमच्या दारात. तू निजलीयास म्हणली आई. पुन्हा काय पाऊल उचललं न्हाय. शरम वाटली." ते हसतात. "तुझाबी आवाज माझ्यासारखाच हाय, पोरी. सकाळी ऐकला मी."

"मग आता काय करू?"

"वेळ काढायची का गुण आणायचा, ते तू ठरीव. आत गेल्यावर किती वेळ झाला, ते तिचं तिला ठरवू दे. तुझं घड्याळ तिच्या कानात नगो घालूस. तिचा दमच तिचं घड्याळ."

मग ते वाकतात, चिमूटभर माती उचलतात. मला पुढचं माहीत आहे. चढाईला पाठवण्याआधी ते प्रत्येकीच्या मनगटावर माती चोळायचे, घामाने हात निसटू नये म्हणून. मी हात पुढे करते. ते मात्र माती माझ्या तळव्यावर ठेवतात आणि माझी मूठ मिटतात.

"ही तुझी न्हाय," ते म्हणतात आणि दोरी ओढतात.

टिंग. शाळेचा शिपाई तास देतोय. साडेतीन. पंखा कुरकुरतोय, तोंडाला कोरड पडलीय आणि उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे.

बोटं न उघडताच मी उठते. वर्षाली व्हरांड्यात बसून पायाला पट्टी गुंडाळतेय. मी तिच्याशेजारी बसते.

"तीस सेकंदांत किती वेळा कबड्डी म्हणतेस गं तू?"

"चोपन्न," ती लगेच सांगते. "घरी मोजलंय, मॅडम."

"आणि सकाळी?"

ती जरा घुटमळते. "चाळीसपर्यंत मोजलं होतं. मग तुमचा आवाज आला आणि आकडा गेला."

चाळीस म्हणजे बरोबर बावीस सेकंद. पोरीचं घड्याळ माझ्याइतकंच चोख होतं.

"सकाळची चूक माझी होती," मी म्हणते. "तुझी नाही. मी ओरडले म्हणून तू बघितलंस. संध्याकाळी तूच जायचंस, आणि मी तोंड उघडणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहते. मी गप्प बसेन यावर तिचा विश्वास बसत नसावा. मग ती मान डोलावते आणि पट्टीची गाठ मारते.

"हात दे."

मी मूठ उघडते. या स्पर्धेचे सगळे सामने मॅटवर आहेत, शाळेचं आवार फरसबंद आहे. मी तिच्या मनगटावर अंगठ्याने चोळते.

"मॅडम, ही तांबडी माती कुठली?"

"आमच्या मैदानातली," मी सांगते.