साडूभाऊंच्या वाद्यवृंदाचा एक श्रोता

बसलेले श्रोते उठवण्याची कला परभणी जिल्ह्यात आमच्या साडूभाऊंइतकी कुणालाच साधली नाही. सेलूत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ नीट वाजू लागला की ते हिरमुसत. दोन स्टेशनांमधली खरखर मात्र मान डोलावत ऐकत. सन ऐंशीच्या आसपास त्यांनी वाद्यवृंद काढला. त्यात सनई नाही, तबला नाही. जुन्या रेडिओंच्या सुट्या भागांची, बटण पिळलं की किंचाळणारी एक पेटी. कापसाच्या हंगामात गावच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, टेप केलेला यंत्रांचा खडखडाट. आणि साथीला शिलाई मशीनवर एक शिंपी. लग्नसराईत हा शिंपी गायब होई, कारण तेव्हा त्याला खरोखरच कपडे शिवायचे असत. गंगाखेडच्या एका वरातीत पेटी किंचाळली आणि घोडा नवरदेवासकट उसात शिरला. "घोड्याला तरी कळलं," एवढंच साडूभाऊ म्हणाले.

त्यांना हारतुरे नको होते. एका माणसानं तरी शेवटपर्यंत बसून ऐकावं, एवढंच त्यांचं मागणं. मेव्हणी दहा मिनिटांत भाकरी करपल्याचं सांगून उठे आणि मला नेमकी तेव्हाच परभणीची गाडी असे.

एकदा गणपतीत आरतीनंतर त्यांना तासभर मिळाला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस, माणूस कुठल्या बाजूचा, हे चहाआधी विचारलं जाई. यांच्या संगीताला शब्दच नसल्यामुळे हा टोमणा आपल्यालाच आहे, असं दोन्ही बाजूंनी धरलं आणि दोन्ही बाजू एकदमच उठल्या. इतकी एकी त्या वर्षांत दुसरीकडे कुठं दिसली नाही. समोर उरला जिनिंगचा म्हातारा फिटर. साडूभाऊंना भरून आलं. पण अर्ध्यावर तोही उठला आणि मंचाजवळ येऊन म्हणाला, "तिसऱ्या जीनचं बेअरिंग गेलंय बघा ह्यात. खोलून बघायला जायलोय मी."

दुसऱ्या दिवशी यंत्र खोललं, तर बेअरिंग खरंच गेलेलं. झालं, साडूभाऊंची कीर्ती पसरली. पार सोनपेठहून लोक एस. टी.नं येत आणि आमच्या इंजिनाचा आवाज भरून फिटरला ऐकवा म्हणत. हे संगीत आहे, असं साडूभाऊ घसा फोडून सांगत. लोक मान्य करत आणि विचारत, पण दुरुस्त होईल का?

नामांतर झालं, त्या सुमारास ती जिनिंग कायमची बंद पडली. एका दुपारी मी दुकानात बसलो असताना फिटर आला, स्टुलावर टेकला आणि म्हणाला, "लावा तुमचं ते." पाऊण तास तो डोळे मिटून बसला. आजवर मी कधीच पुरतं ऐकलं नव्हतं, याची मला त्याच्याशेजारी बसून लाज वाटली. टेप संपली. साडूभाऊंनी भीतभीत विचारलं, कुठं बिघडलंय?

"कुठंच न्हाई," फिटर म्हणाला. "पुन्यांदा लावा की."

साडूभाऊंच्या बोटांना बटण सापडेना. टेप मीच मागं फिरवून दिली.