आवाजबंदी आणि आईचं रेकॉर्डिंग

आमच्या गावात आवाजबंदी लागू झाली ती माझ्यामुळे, आणि ती पहिल्यांदा मोडली तीही मीच.

बंदी मी काही हौसेनं आणली नव्हती. मुकुटबनच्या फाट्यावरून आत गेलं की आमचं गाव, उभ्या-आडव्या मिळून तीन गल्ल्यांचं. पण आवाज असा, की परक्या माणसाला वाटावं इथं जत्रा भरली आहे. पहाटे भजन भोंग्यावर. मग भाजीवाल्याचा भोंगा, त्याच्या मागोमाग भंगारवाल्याचा. गिरणीवाला गिरणी सुरू आहे हे लोकांना कळावं म्हणून गाणी लावायचा (गिरणीचा आवाज काय कमी होता?). आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे विलासचा डीजे. विलास हा आमच्या गावचा साउंडवाला. त्याचा डीजे सुरू झाला की आमच्या फळीवरचे पेले आपल्या पायांनी खाली यायचे. लग्नाला डीजे, बारशाला डीजे, कोणाच्या म्हशीला वगार झाली तरी डीजे! (हे थोडं वाढवून सांगतो आहे, पण थोडंच.)

मी बी.ए. झालेला. नोकरीनं काही मला विचारलं नाही, म्हणून घरीच दहावीच्या पोरांची शिकवणी घ्यायचो आणि त्या जोरावर गाव मला 'सर' म्हणायचं. घरात मात्र मी सुध्याच होतो. डीजे सुरू असताना इतिहास शिकवून बघा एकदा! आमची पोट्टी पानिपतची लढाई नाचत पाठ करायची.

शेवटी एका ग्रामसभेत मी उठलो आणि असा काही बोललो, की माझं मलाच आश्चर्य वाटलं. विलास सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच मारोतरावांनी जागच्या जागी आवाज समिती काढली आणि अध्यक्ष म्हणून मलाच बसवलं. ठरावही मीच लिहिला. गावात कोणीही यंत्रानं आवाज वाढवायचा नाही. वाढवला तर ते यंत्र हंगाम संपेपर्यंत समाजमंदिरात कुलपात. बस्स, इथं पेन खाली ठेवायला हवं होतं. पण मला चेव आला. नुसतं 'गावात' म्हणजे फारच किरकोळ दिसत होतं. मी खोडलं आणि लिहिलं, 'गावात व शिवारात'. काय वजन आलं ठरावाला!

विलास भांडला नाही, काही नाही. जाता जाता एवढंच म्हणाला, की सर, पुढंमागं काही लागलं तं सांगजा, सामान आता पडूनच राहणार हाय. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस!

ते वर्ष कापसाचं नव्हतंच. आमच्या कपाशीवर लाल्या आला, पानं लाल झाली आणि उभी झाडं वाळून गेली. पण कपाशीच्या तासांमध्ये, म्हणजे ओळींमध्ये, पेरलेली तूर मात्र डोक्याएवढी होऊन शेंगांनी वाकली होती. घरातलं वर्षभराचं खाणं, पुढचं बियाणं, आणि यवतमाळला नर्सिंगला गेलेल्या माझ्या बहिणीचं पुढचं वर्ष, सगळं त्या तुरीवर होतं. माझी बायको रेखा रोज सकाळी तुरीला पाहून यायची, जसं काही बाळंतिणीला पाहायला जावं.

आणि मग वानरं आली.

आमचं वावर नाल्यापलीकडे, जंगलाला लागून. तिथून भर दिवसा कळपच्या कळप उतरायचे आणि शेंगा सोलून सोलून खायचे. रेखा टिनाचा डबा बडवून बडवून थकली. मी सुशिक्षित उपाय केला. वणीला जाऊन एक चायना मोबाइल आणला (त्या मोबाइलला बाकी काही जमत नव्हतं, पण आवाज सात गावं ऐकतील असा) आणि त्यात वाघाची डरकाळी भरून घेतली. पण तेवढा आवाज वावराला पुरेना. तेव्हा विलासकडे गेलो. त्यानं एका शब्दानं न विचारता भोंगा दिला, बॅटरी दिली, वर स्वतः येऊन मोहाच्या झाडावर बांधूनही दिला. हसला मात्र जरा जास्तच.

आता तुम्ही विचाराल, अहो अध्यक्ष, ठरावाचं काय? मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की भोंगे बंद झाले तरी गावात माणसांचा आणि ढोरांचा गोंगाट इतका असतो, की नाल्यापलीकडचं कोणाला ऐकू येणार आहे? शिवाय हा आवाज शेतीउपयोगी होता.

वाघाला वानरं एक दिवस भ्याली. दुसऱ्या दिवशी लांब बसून ऐकत राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांतलं एक भोंग्यावरच येऊन बसलं आणि डरकाळीच्या तालावर शेंग सोलू लागलं. मग मी माझाच आवाज भरला. 'हाड! हुर्र! पळा!' अशी दमदार आरोळी. तर आणखी चार वानरं जंगलातून आली. त्यांना बहुतेक वाटलं, कोणीतरी जेवायला बोलावतंय.

खरा उपाय मला भर सकाळी सुचला, आणि तोही अंथरुणात. माझी आई, कौसल्याबाई, सगळं गाव तिला काकू म्हणतं, रोजच्यासारखी माझ्या उशाशी उभी राहून मला उठवत होती. उठवत होती म्हणजे काय! गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली होती, छपरावरची कबुतरं उडाली होती, शेजारचे दोन म्हातारे अंघोळ करून तयार होते. आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. हा आवाज! वाघात नाही ते या आवाजात आहे! मी पांघरुणाच्या आतून हळूच मोबाइल काढला, बटण दाबलं आणि झोपेचं सोंग घेऊन आणखी घोरू लागलो. आईनं जे काही सोडलं ते सगळं अगदी स्वच्छ भरलं गेलं.

दुपारी भोंग्यावर लावलं. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तुरीतून वानरं अशी सुटली, की शेपट्या मागं राहतात की काय! एका वानरीनं तर आपलं पिल्लू घेतलं आणि घाईत दुसरीचंही घेतलं. आठवडा गेला, एक वानर वावराकडे फिरकलं नाही. मी आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. रेखाला सांगितलं, तर तिनं कपाळावर हात मारला, पण तुरीकडे पाहून गप्प बसली.

अशातच गावाचं नाव तालुक्यापर्यंत गेलं. एवढंसं गाव आणि स्वतःहून भोंगे बंद! तालुक्याहून एक साहेब खास पाहायला येणार असं ठरलं. चावडीसमोर मांडव पडला. भाजीवाल्याला फाट्यावरच थांबवलं, गिरणी बंद ठेवली, एका घरची कुत्री नातेवाइकांकडे पाठवली. मी इस्त्रीचा शर्ट घालून साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर. आई पुढच्याच रांगेत बायकांमध्ये, नवं लुगडं नेसून, पोराकडे कौतुकानं पाहत. (तिनं असं कौतुकानं पाहिल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.)

मी ध्वनीवर बोललो, कानावर बोललो, मेंदूवर बोललो. साहेब मान डोलवत होते. शेवटी मला फारच भरून आलं आणि मी म्हणालो, "साहेब, मी सांगण्यापेक्षा आपण सारे दोन मिनिटं अगदी गप्प बसू आणि आपल्या गावाची शांतता ऐकू."

सगळं गाव गप्प बसलं. लहान लेकरांच्या तोंडाला पदर लावले. पानाचा आवाज नाही. साहेबांनी तर डोळेच मिटले. अशी शांतता आमच्या गावात गाव वसल्यापासून झाली नसेल.

आणि त्या शांततेत नाल्यापलीकडून, शब्दन् शब्द सुटा, आवाज आला:

"सुध्या, ऊठ ना रे! सूर्य डोक्यावर आला अन् हा घोरून राह्यला! काय पाहून लोकं तुले सर म्हणते? बायको पाणी भरून राह्यली, ढोरं उपाशी हाय, अन् तू लोळून राह्यला! भोकाची बंडी घालून झोपते अन् गावाले शहाणपणा शिकवते! घरात पाल दिसली तं बायकोले हाका मारते! उठते का पाणी वतू अंगावर?"

साहेबांनी डोळे उघडले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पुढच्या रांगेकडे, कारण सगळं गाव तिकडेच पाहत होतं. आई तोंड मिटून बसलेली, आणि तिचा आवाज आभाळातून येतोय! एका म्हातारीनं तर तिच्याकडे पाहून हात जोडले. आई सावकाश उठली.

"साहेब," ती म्हणाली, "त्यातलं एकही खोटं नाही. पण मी आत्ता बोललो नाही. मी तं इथं बसलो हाव."

पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. मांडवातून जो सुटलो तो नाल्यात. चिखलात एक चप्पल गेली, बाभळीत शर्ट गेला. इकडे मोबाइलवर ते रेकॉर्डिंग संपलं की पुन्हा पहिल्यापासून, असं मीच लावून ठेवलेलं! पाल दुसऱ्यांदा आली तेव्हा मी नाल्यात होतो, तिसऱ्यांदा आली तेव्हा मोहाच्या बुंध्याशी. चढलो, तर विलासनं वायर अशी बांधलेली की सुटता सुटेना, आणि झाडावरच्या मुंगळ्यांनी मला शेंग समजून सोलायला घेतलेलं. शेवटी वायर तुटली आणि आवाज थांबला. तर चावडीकडून पोट्ट्यांनी तालासुरात पुढचं वाक्य पुरं केलं. शिकवणीत कधी एक कविता पाठ झाली नव्हती त्यांची!

परत आलो तेव्हा शर्टाच्या चिंध्या आणि मुंगळे चावून अंगभर गांधी उठलेल्या. साहेब रुमालानं डोळे पुसत होते. (ते रडत होते असं मी आजवर मानत आलोय.) मारोतराव खाकरले आणि म्हणाले, की ठराव मोडला आहे, तर आता अध्यक्षांनी निर्णय द्यावा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी 'गावात' एवढंच लिहिलं असतं, तर सुटलो असतो. मी उभा राहिलो आणि स्वतःचाच भोंगा जप्त करण्याचा आदेश स्वतःलाच दिला. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या विलासनं, आणि भोंगा त्याचा होता!

घरी आल्यावर खरी भीती वाटायला लागली. तूर कापायला आली नव्हती अजून. रेखा शांतपणे म्हणाली, "भोंगा गेला. आता तुरीत कोण बसते?"

मीच बसलो, दुसरं कोण. सकाळपासून वावरातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसून ओरडायचो. वानरं बांधावर येऊन रांगेनं बसायची, माझं सगळं ऐकून घ्यायची आणि मग जेवायला लागायची. दगड मारला तर दुसऱ्याच दिशेला जायचा. डोळ्यांदेखत कडेची तासं रिकामी झाली. बहिणीचा चेहरा समोर यायला लागला. खरंच सांगतो, एका दुपारी मी माळ्यावर बसून रडलो. रडून रडून तिथंच डोळा लागला.

तेवढ्यात आई भाकरी घेऊन आली. तुरीत वानरं आणि माळ्यावर लेक झोपलेला, हे तिनं पाहिलं आणि भाकरीचं टोपलं खाली ठेवलं.

"सुध्या!"

बस्स, एवढंच झालं. मी माळ्यावरून पडलो, वानरं जंगलात पडली. आई बोलतच राहिली, मी मान खाली घालून ऐकत राहिलो, आणि अर्धं जंगल रिकामं झालं. विलास तक्रार घेऊन लगेच सरपंचांकडे गेला. मारोतरावांनी ठराव दोनदा वाचला आणि सांगितलं, की यात यंत्राला बंदी आहे, आईला नाही.

मग रोजचा परिपाठ ठरला. मी बांधावर बसायचं आणि आईनं मला बोलायचं. नुसतं वानरांना बोलून पाहिलं तिनं, पण त्यात ती धार येत नव्हती. समोर मी लागायचो. हे शिवारभर पसरलं आणि बाकीचे शेतकरी घरी येऊ लागले. सर, उद्या आमच्या वावरात या ना जी. तुम्हाले काहीच करा लागत नाही, नुसतं बसा, काकूले घेऊन या. बी.ए. झाल्यापासून मला इतकी मागणी कधी आली नव्हती.

पण एवढ्या वावरांचा भार एकटीवर पडला आणि ऐन कापणीच्या आदल्या दिवशी आईचा घसा बसला. तोंडातून फुंकरच निघेना. वानरांनाही कसं कळलं देव जाणे, सगळा कळप तुरीत उतरला. आई हातानं खुणा करतेय, मी नुसता उभा, आणि वर्षाची तूर आमच्या डोळ्यांसमोर चाललेली.

रेखा हातातला विळा जमिनीत टोचून पुढं आली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिनं कधी मला 'अहो'च्या पुढं काही म्हटलं नव्हतं. तिनं पदर खोचला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आता मी बोलतो."

आमची तूर घरी आली, बहीण नर्स झाली, ती सगळी पुण्याई रेखाची. त्या दिवशी आमच्या वावरातून जो कळप जंगलाकडे पळाला, तो अख्ख्या गावानं पाहिला. मीही पाहिला असता, पण त्या कळपात सगळ्यांत पुढं मी होतो.