मधल्या सीटखालची वायर

इंदूरची आमची मिल बंद झाली तेव्हा मी तिच्या इलेक्ट्रिक खात्यात होतो. हाताला काम हवं म्हणून महूच्या एका फौजी अधिकाऱ्याची जुनी व्हॅन घेतली. तो बदलीवर निघाला होता. आठवडाभर घरोघरी वायरिंगची कामं करायची आणि रविवारी पत्नी, मुलगी आणि मी अशा तिघांनी फिरायला जायचं, असा माझा बेत होता.

पहिल्याच रविवारी हॉर्न आणि मागचे ब्रेकचे दिवे एकदम गेले. दोन्ही एकाच फ्यूजवर होते. फ्यूज बदलला, पुढच्या रविवारी तोही उडाला. भंवरकुआं भागातल्या मिस्त्रीनं सल्ला दिला, "भिया, बड़ा फ्यूज डाल दो." मी नाही म्हटलं. मोठा फ्यूज घातला की दोष तसाच राहतो आणि वायर जळते. मिलमध्ये मीच हे नव्या लोकांना शिकवायचो.

त्याच सुमारास पत्नीला पुण्याच्या एका शाळेत नोकरी लागली. मुलीला घेऊन ती गेली. मिल पुन्हा सुरू होईल म्हणून मी इंदूरला थांबलो. आम्ही दोघांनी मिळून तसं ठरवलं होतं, पण ठरवताना एकमेकांकडे बघत नव्हतो.

त्या दोघी गेल्यावर व्हॅननं एकदाही त्रास दिला नाही. त्या जाण्याआधी मी सगळे अर्थिंगचे जोड घासून घट्ट केले होते, त्याचाच हा गुण, असं मला वाटलं. पत्रात तसं कळवलंही. दुसरं कळवण्यासारखं फार नव्हतं. कितीतरी दिवस असे जायचे की गिऱ्हाईकाशी स्विच कुठे लावायचा एवढंच बोलणं व्हायचं. संध्याकाळी एकट्यापुरता भात टाकायचा आणि उभ्यानंच खायचा.

मे महिन्यात दोघी आल्या. स्टेशनवरून निघालो आणि पहिल्याच चौकात ब्रेक दाबला तसा हॉर्न मेला. पत्नी हळूच म्हणाली, "अहो, पत्रात तर ठीक झाली म्हणून लिहिलं होतं." मी खिडकीतून हात काढून इशारे करत घरापर्यंत गाडी आणली.

सकाळी फ्यूजच्या जागी एक बल्ब जोडला आणि ब्रेक दाबलेला राहावा म्हणून त्यावर वीट ठेवली. वायर कुठे बॉडीला टेकली तर बल्ब लख्ख पेटणार होता. तो मंदच राहिला. तासभर एकेक वायर हलवून पाहिली. तेवढ्यात मुलगी पुस्तक घेऊन आली आणि मधल्या सीटवर बसली. बल्ब लख्ख पेटला.

"ऊठ," मी म्हटलं. बल्ब मंद झाला.

"आता परत बस."

पुन्हा लख्ख. सीट उचलली. खाली ब्रेकच्या दिव्यांच्या वायरचं कव्हर घासून गेलं होतं. वर माणूस बसलं की सीटची स्प्रिंग तिच्यावर दाबली जायची. एवढे महिने ती सीट रिकामी होती.

मुलगी वाकून बघत होती. "बाबा, मी बसले नसते तर तुम्हाला सापडलं नसतं?"

"शोधून राहिलो होतो ना. नसतं सापडलं."

"शोधत होतो म्हणायचं, बाबा," ती म्हणाली. पुण्याला जाण्याआधी तीही माझ्यासारखंच बोलायची. मी टेप गुंडाळत राहिलो.

सुट्टी संपेपर्यंत आम्ही खूप फिरलो. हॉर्न एकदाही गेला नाही. निघायच्या आदल्या दिवशी पत्नीनं विषय काढला. "मिल उघडणार नाही. तुम्हालाही माहीत आहे. तुम्हीच या आता."

बघतो, म्हणालो. तसं बघता बघता आणखी दोन वर्षं काढली. मिलच्या फाटकापाशी जमणारे जुने कामगार एकेक करून यायचे थांबले, तेव्हा कुठे व्हॅन विकून पुणं गाठलं. तोवर मुलगी पुढच्या शिक्षणासाठी होस्टेलला गेली होती. पत्नीनं मुलीची खोली मला दिली. भिंतीवर तिचं शाळेचं वेळापत्रक होतं, ते मी बरेच दिवस काढलं नाही.