रेशन ऑफिसातली तोंडी परीक्षा

“नाशकातच राहतेस ना, मग सांग, गंगेवर बाजार कोणत्या वारी भरतो?” रॉकेलचा वास आला की रेशन ऑफिसातला तो कारकून मला अजून ऐकू येतो. त्याच्यासमोर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर माती वाहणारी तेलुगू बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. कार्ड नसल्यानं तिला पोराचं दूध तापवायला रॉकेल मिळत नव्हतं. “बुधवारी,” ती म्हणाली. “आणि दूध बाजारातून भद्रकालीला कशी जाशील?” “चालत. लांब हाय का साहेब?” दोन्ही अगदी लागून; रांग हसली, तसा कारकून चिडला. “पाठ करून आलीस. म्हणे सहा वर्षं राहते. आधी पुरावा आण.” मग माझा इंग्रजीतला अर्ज पाहून त्यानं खुर्ची पुढे केली. “बसा मॅडम. तुम्ही काय, आपल्याच.” पुरावा माझ्याकडेही नव्हता. इंदूरहून येऊन आम्हाला पंधराच दिवस झाले होते, आणि इथे गोदावरीला गंगा म्हणतात हे मला नुकतंच, रांगेत उभ्याउभ्या कळलं होतं. चारचौघांत माझा आवाज फुटत नसे. पण त्यानं शिक्का उचलला तेव्हा मी म्हणाले, “आधी मलाही विचारा ना, साहेब. यांना आलं, त्यातलं मला एकही येत नाही.”